आकडा आधी तपासा, जागा मग मागा

लग्नघरी निरोप आला, "आमच्याकडची पाच हजार माणसे जेवायला येत आहेत." म्हणून कोणी लगेच पाच हजार पाने मांडत नाही, आधी चौकशी करतो. संगणकानेही हेच शहाणपण दाखवावे, असे माझे मत आहे.

संगणकाच्या चकतीवर फायली असतात, तशीच त्या फायलींची सूचीही असते. कोणती फाइल केवढी, कोठे ठेवली, कोणाची, हे सूची सांगते. लिनक्स प्रणालीतील एक्स्ट-४ या रचनेत, चकतीच्या विभागाच्या आरंभी १०२४ बाइट सोडले की १०२४ बाइटांचा मुख्य तक्ता येतो. एकूण ठोकळे किती, नोंदी किती, हे त्यात लिहिलेले असते. तो वाचून प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, पुढील वाचनासाठी स्मृतीत जागा मागतो.

गोम आहे ती येथेच. ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ इतका असतो. चकती बिघडली असेल, किंवा कोणी मुद्दाम खोटा आकडा लिहून पेनड्राइव्ह हाती दिला असेल, तर कर्नल भलतीच जागा मागून बसेल. एखादा साधा प्रोग्राम कोसळला तर तो एकटाच कोसळतो. कर्नल कोसळला तर सारा संगणक बंद पडतो.

दुसरी अडचण सलग जागेची. स्मृती बहुधा ४०९६ बाइटांच्या पानांत वाटलेली असते. संगणक बराच वेळ चालला की मोकळी पाने विखुरतात. पंगतीत वीस पाट रिकामे असले, तरी दहा जणांना शेजारी-शेजारी बसता येईलच असे नाही, तसेच हे. यावर लिनक्समध्ये २०१७ साली 'केव्हीमॅलॉक' ही सोय आली. ती आधी सलग जागा शोधते. न मिळाल्यास विखुरलेली पाने जोडून सलग असल्यासारखी दाखवते. सोय उत्तम, पण तिच्यामुळे आकडा न तपासता मागणी करण्याचा मोहही वाढतो. अखेर २०२१ मध्ये तिलाच सुमारे २ गिगाबाइटांची मर्यादा घालावी लागली!

कोणी म्हणेल, तपासणीत वेळ जातो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीला अर्ध्या फेऱ्यासाठी सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. दोन आकड्यांची तुलना त्याच्या लाखाव्या भागातही होऊन जाते. कोणी म्हणेल, एक्स्ट-४ मध्ये २०१२ पासून सूचीसाठी पडताळा-बेरजेची सोय आहे. खरे आहे, पण खोटा आकडा लिहिणारा बेरीजही जुळवून लिहू शकतो.

मग खरे-खोटे कशावरून ठरवावे? चकतीचा आकार कर्नलला वेगळ्या मार्गाने कळतो. तक्त्यातील ठोकळे त्याहून जास्त भरले, तर तक्ता चुकीचा. एक्स्ट-४ ही तुलना करते. प्रत्येक रचनेने, प्रत्येक आकड्याबाबत असेच करावे.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेतील प्रोग्राममध्ये तुम्हीही "किती मुलांचे गुण?" असे विचारून तेवढी जागा घेता. तेथे कोणी उणे पाच लिहिले तर काय होईल? आजच करून पाहा.