निकाल बाद करा

महाड-पोलादपूरकडे भाताची झोडणी उरकली, शेतं मोकळी झाली, की नाक्यानाक्यावर बैलगाडी शर्यतींचे फलक लागतात. शर्यत एका दिवसात संपते, तिच्यावरचा वाद मात्र आठवडाभर चालतो. तो वाद बैलांवर क्वचितच होतो. भांडण होतं ते गाडीवानावर. अमक्याने मध्येच गाडी आडवी घातली, तमक्याने शेवटच्या टप्प्यात शेपूट पिरगाळलं, अमक्याच्या मुठीत काहीतरी होतं. त्याच्या बाजूचे म्हणतात, त्याला जिगर आहे, बाकीच्यांना जमत नाही म्हणून ते ओरडतात. विरुद्ध बाजूचे म्हणतात, तो मारकुटा आहे. मग पुढच्या शर्यतीला त्याच मारकुट्याला जास्त पैसे देऊन बोलावलं जातं, आणि बोलावणाऱ्यांत कालचे ओरडणारेही असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गाडीवानाने बैलावर काठी चालवली, त्याची गाडी पहिली आली तरी तिचा निकाल मैदानावरच, सगळ्यांसमोर बाद झाला पाहिजे. मी शर्यतीच्या विरोधात नाही. ती टिकावी असं मनापासून वाटतं, म्हणूनच हे लिहितो आहे.

वाद कशाबद्दल आहे ते लांबून कळत नाही. बांधावरून आपल्याला दिसते ती धूळ, आणि तिच्यातून सुटलेल्या दोन गाड्या. सुटण्याच्या रेषेजवळ उभं राहिलं की गाडीवानाचे हात दिसतात. एका हातात कासरा असतो. दुसरा हात बैलाच्या शेपटीच्या मुळाशी जातो आणि शेपूट पिळलं जातं. कधी ते दातांत धरलं जातं. काठीच्या टोकाला बारीक खिळा बसवलेला असतो, तो मांडीच्या आतल्या बाजूला टोचला जातो, म्हणजे रक्त आलं तरी चटकन कुणाच्या नजरेस पडू नये. अशा बऱ्याच शर्यती पळालेल्या बैलाच्या शेपटीवरून हळूच हात फिरवून बघावा. मणके जिथे मोडून वेडेवाकडे जुळले आहेत तिथे गाठी लागतात. ज्यांचं आयुष्य बैलांत गेलं आहे, त्यांना हे माझ्याकडून कळायला नको. त्यांना ते माहीत आहे.

या सगळ्याचं समर्थन करताना पहिला मुद्दा हमखास हाच येतो, की मारल्याशिवाय बैल पळत नाही. हे खरं नाही, आणि ते खोटं पाडायला प्राणिमित्र संघटनेचा माणूस बोलवायची गरज नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतला बैलगाडा बघावा. तिथे गाड्यावर माणूसच नसतो. पुढे घोडी, तिच्यावर स्वार, मागे बैलांच्या दोन जोड्या. एकदा गाडा सुटला की त्याला हाकणारं कुणी नाही, मारणारं कुणी नाही. बैल चढावर पळतात आणि निकाल सेकंदांवर लागतो. तिथे सुटण्याआधी बैलांना त्रास देणारे नाहीत असं मी म्हणत नाही, आहेत. पण धावपट्टीवर कुणाचीही काठी नसताना बैल जीव तोडून धावतो, हे तिथे हजारो माणसं वर्षानुवर्षं बघत आली आहेत. मग आपल्याकडच्याच बैलाला काठी का लागावी? लागते, कारण तो तयार केलेला नसतो. बैलाला महिनोन्महिने फिरवायचं, मऊ जमिनीवर पळवायचं, जोडीदाराशी त्याची सवय जमवायची, गाडीवानाचा आवाज ओळखीचा करायचा, हे काम कष्टाचं आहे. ते केलं नाही की त्याची भरपाई शेवटच्या टप्प्यात काठीने करावी लागते.

दुसरा मुद्दा भावनेचा आहे, आणि त्यात तथ्य आहे म्हणून तो टोलवून चालणार नाही. मालक म्हणतो, मी बैल पोटच्या पोरासारखा वाढवतो, त्याला दूध, अंडी, खारीक, उडदाची डाळ देतो, थंडीत त्याच्या अंगावर झूल घालतो. शहरातल्या माणसाने मला दया शिकवू नये. अगदी बरोबर. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर शेतीत बैलाचं काम उरलं नाही. तरीही ज्यांनी दावणीला बैल ठेवला, त्यांतल्या पुष्कळांनी तो शर्यतीच्या वेडापायी ठेवला. त्या वेडाला मी नावं ठेवणार नाही. पण बैल वाढवणारा एक आणि पळवणारा दुसरा, हे आता सर्रास झालं आहे. गाडीवान दिवसाच्या बोलीवर येतो. आंबेनळी घाट चढून साताऱ्याकडे गेलं की त्याला ड्रायव्हरच म्हणतात, आणि नावाजलेला ड्रायव्हर एका दिवसात कितीतरी मालकांच्या जोड्या पळवतो. त्याची बिदागी निकालावर ठरते. त्या बैलाशी त्याची ओळख सकाळची आणि निरोप संध्याकाळचा. संध्याकाळी हळद-तेल घेऊन बसतो तो मालक, नाहीतर त्याची बायको. तेव्हा मालकाच्या मायेचा दाखला देऊन गाडीवानाची काठी झाकता येत नाही. उलट मालकालाच विचारायला हवं, की पोटच्या पोराला असं परक्याच्या हाती कसं देता?

तिसरा मुद्दा तरुणांचा, आणि तो अलीकडे फार ऐकू येतो. मोबाइलवर फॉर्म्युला वन बघणारी मुलं आता महाडातही आहेत. ती म्हणतात, शर्यत म्हटली की आक्रमकपणा आलाच. सेना, शूमाकर, वर्स्टॅपेन हे काय सभ्यपणे गाडी चालवून मोठे झाले? दाखला त्यांनीच काढला आहे, तर तो पुरता बघू. 1990 साली जपानमध्ये सुझुकाला आयर्टन सेनाने पहिल्याच वळणावर अ‍ॅलन प्रॉस्टच्या गाडीला धडक दिली. दोघेही शर्यतीबाहेर गेले आणि विश्वविजेतेपद सेनाला मिळालं. ती धडक जाणूनबुजून दिली होती, हे पुढच्या वर्षी त्याने स्वतःच सांगितलं. तो जगातला एक महान चालक होता यात वाद नाही, पण त्याच्या महानतेचा पुरावा म्हणून त्या वळणाचं नाव कुणी घेत नाही. पावसात ओल्या रस्त्यावर तो जे करू शकत असे, त्याबद्दल बोलतात. 1997 साली स्पेनमध्ये हेरेझला मायकेल शूमाकरने जॅक व्हिलनवच्या गाडीवर आपली गाडी घातली. तो स्वतः बाहेर पडला, विजेतेपद व्हिलनवला गेलं, आणि त्या हंगामातलं शूमाकरचं दुसरं स्थानही नियामक संस्थेने काढून घेतलं. आणि मॅक्स वर्स्टॅपेन? 2025 साली बार्सिलोनाला त्याने शर्यतीच्या अखेरीस चिडून जॉर्ज रसेलच्या गाडीला धडक दिली. दहा सेकंदांची शिक्षा झाली, पाचवा आलेला वर्स्टॅपेन दहावा ठरला, नऊ गुण गेले. वर्षअखेरीस लँडो नॉरिसपुढे त्याचं विजेतेपद हुकलं ते अवघ्या दोन गुणांनी.

म्हणजे ज्या खेळाचं नाव घेऊन आपल्याकडे काठीचं समर्थन होतं, त्या खेळात पंच आहेत, शिक्षा आहे, आणि आज ती बहुतेकदा त्याच दिवशी मिळते. शिवाय तिथे जे आपटतं ते यंत्र, आणि आत बसलेला माणूस करारावर सही करून आपण होऊन आलेला असतो. बैलाला कुणी विचारलेलं नसतं. वरंध्याची नाहीतर आंबेनळीची वळणं टेम्पोत उभ्याने उतरून तो इथवर आलेला असतो, आणि तुमच्या जिगरीची किंमत त्याच्या पाठीतून वसूल होते.

जिगरीवरून आठवलं. शर्यतीच्या फलकांवर आपल्याकडे शिवछत्रपतींचं नाव असतं, तानाजी मालुसऱ्यांचंही असतं. तानाजींचं उमरठ पोलादपूर तालुक्यातच आहे, त्यामुळे ते नाव आपण हक्काने लावतो. मग त्या नावाचा अर्थही पाळला पाहिजे. शौर्य म्हणतात ते उलटा वार करू शकणाऱ्याशी भिडण्याला. वेसणीने बांधलेल्या, जुवाखाली मान दिलेल्या जनावराला खिळा टोचण्यात कसलं शौर्य? ज्यांना फलकावर ते नाव हवं, त्यांनी मैदानात ही काठी येऊ देऊ नये.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिचंही मला पटत नाही. ती म्हणते, गाडीवान सुधारणार नाही, तेव्हा शर्यतच बंद करा. हा प्रयोग आपण करून बघितला आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. 2017 साली राज्याने कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे गाडी अडलेलीच राहिली. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळेपर्यंतची ती वर्षं काय शर्यतीविना गेली? नाही. पहाटेच्या अंधारात, आडबाजूच्या माळावर शर्यती होतच होत्या. तिथे जनावरांचा डॉक्टर नव्हता, रुग्णवाहिका नव्हती, पंच नव्हता, आणि पोलीस येण्याआधी आटपायचं म्हणून बैलांना दमही दिला जात नव्हता. बंदीने काठी गेली नाही. काठीवर असलेली लोकांची नजर तेवढी गेली.

आणि न्यायालयाने परवानगी दिली ती कशावर दिली, हे शर्यतवाल्यांनीही नीट समजून घेतलं पाहिजे. 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला, तेव्हा बैलांना मारलं तरी चालेल असं म्हटलेलं नाही. नव्या कायद्याने आणि नियमांनी जनावराच्या वेदना बऱ्याच कमी होतात, म्हणून हा खेळ आता पूर्वीचा राहिलेला नाही, असं त्या निकालाचं सांगणं आहे. नियम काटेकोरपणे पाळले जातात की नाही याची जबाबदारीही त्या निकालाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. म्हणजे परवानगी उभी आहे ती नियमांच्या पायावर. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे, धावपट्टी हजार मीटरच्या वर नसावी, बैलाची डॉक्टरी तपासणी झालेली असावी, आयोजकांनी पन्नास हजार रुपये अनामत भरावी. काठी चालवणारा प्रत्येक गाडीवान हा पाया खणतो आहे. उद्या कुणी अशा शर्यतींची चित्रफीत घेऊन पुन्हा न्यायालयात गेलं, तर शर्यतीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलाने काय सांगावं? शर्यतीचा खरा वैरी प्राणिमित्रांत शोधू नका. तो गाडीवर उभा आहे, आणि आपण त्याला खांद्यावर घेऊन नाचवतो.

यावर उत्तर येतं की कायद्यात शिक्षा आहे ना, मग आणखी काय हवं? शिक्षा आहे, पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. माझ्या मते गोची नेमकी इथेच आहे. शिक्षा इतकी जड आहे की गावात ती कुणी कुणाला होऊ देत नाही. गाडीवान कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा. काठी मारली म्हणून त्याला तुरुंगात पाठवायला पंच तोंड उघडत नाही, पोलीसही दुर्लक्ष करतात, आणि आयोजकांना आपली अनामत परत हवी असते. त्यामुळे एकतर तीन वर्षांची कैद, नाहीतर काहीच नाही, अशी स्थिती होते, आणि दर वेळी काहीच होत नाही.

घोड्यांच्या शर्यतीत हा पेच इतरांनी कधीच सोडवला आहे. नॉर्वेने 1982 मध्ये शर्यतीतल्या चाबकाला बंदी घातली आणि तिथल्या शर्यती त्यानंतरही चालू राहिल्या. ब्रिटनने चाबूक ठेवला, पण मोजून. 2023 पासून तिथे सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. ती चार फटक्यांनी ओलांडली की घोडाच बाद, मग तो पहिला का आलेला असेना. तिथला चाबूकही आपल्या खिळ्याच्या काठीसारखा नसतो, त्याला मऊ आवरण असतं. यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे: बाद होण्याची शिक्षा स्वारापुरती राहत नाही, ती मालकाला बसते, घोड्यावर पैसे लावणाऱ्यालाही बसते. म्हणून सगळेच स्वारावर लक्ष ठेवतात.

आपल्याला हे करायला नवा कायदा नको, अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांचा नवा आदेशही नको. आयोजक समितीने फलकावर एक ओळ छापायची आहे, की काठी, खिळा, शेपूट पिरगाळणं किंवा दुसऱ्याच्या पट्ट्यात गाडी घालणं दिसलं तर निकाल बाद. आडव्या गाडीचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण तिच्यामुळे बिथरलेले बैल गर्दीत घुसतात आणि कडेला पोराला खांद्यावर घेऊन उभा असलेला बाप त्यांच्या पायाखाली येतो. निशाणाजवळच्या पंचाबरोबर धावपट्टीच्या मध्यावर आणि शेवटच्या टप्प्यात एकेक पंच उभा करावा, तोही शेजारच्या तालुक्यातला, म्हणजे भाचा-मेहुण्याची भीड आड येणार नाही. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. तक्रार आली तर चित्रीकरण तिथेच बघता येतं.

मग खरा गाडीवान कोण तेही दिसेल. असे गाडीवान आजही आहेत, वयाने पन्नाशीच्या पुढचे बरेच. त्यांच्या हातात फक्त कासरा असतो. डावा बैल जरा मागे रेंगाळला की ते गाडीवरचा आपला भार किंचित सरकवतात, उजव्याला कासऱ्याने अर्धी वीत धरतात, आणि तोंडाने एकच हाळी देतात. जोडी पुन्हा एका रेषेत येते. हे डोळ्यांदेखत घडतं, पण त्याला शिट्ट्या पडत नाहीत, कारण लोकांचं लक्ष काठी नाचवणाऱ्याकडे असतं. पहिल्या क्रमांकाचं बक्षीस अशा माणसाच्या वाट्याला जायला हवं.

येत्या हंगामात महाड आणि पोलादपूरमधल्या एका तरी समितीने हे धाडस करावं. ध्वनिक्षेपकावरून नाव घेऊन सांगावं, की अमक्या गाडीवानाने काठी वापरली, त्याची गाडी बाद, बक्षीस दुसऱ्या आलेल्या जोडीला. त्या दिवशी भांडण होईल, कदाचित मंडपही मोडेल, आणि समितीला शिव्या बसतील. पण पुढच्या शर्यतीला मालक गाडीवानाशी बोली करताना बिदागीच्या आधी काठीचं बोलेल.