पुलगावची शांतता

सेलूहून वर्ध्यामार्गे पुलगावला जाणारा माणूस बहुधा कामासाठीच जातो. मी मात्र परवा केवळ गाव पाहावयास म्हणून तेथे उतरलो, आणि वर्धा नदीच्या काठाने विटांच्या जुन्या भिंती, खचलेली कौलारू छपरे पाहत हिंडताना तेथील शांततेचे कौतुक करण्याचा मोह मलाही आवरला नाही. एका ओसाड गुदामाचा दगडी उंबरठा मधोमध खोलगट झिजलेला दिसला, आणि तो मोह तेथेच ओसरला. ती झीज हमालांच्या अनवाणी पायांची होती.

या गावाचे नावच मुळी पुलावरून पडलेले. १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, तेव्हा त्याची कचेरी पुलगावनजीक कवठ्यास होती. ती १८६६ साली पालकवाडीस, म्हणजे आजच्या वर्ध्यास, हलली आणि पुढच्याच वर्षी आगगाडी नागपुरास पोहोचली. इंग्रजी अंमलाला या मुलखात प्रासाद उभारावयाचे नव्हते, कापूस न्यावयाचा होता. म्हणून त्या काळाच्या आमच्याकडील खुणा म्हणजे जिनिंग-प्रेसिंग, गुदामे, गिरणी आणि आर्वीच्या बाजारपेठेला जोडणारी, आता बंद पडलेली, अरुंद रुळांची गाडी. जी शांतता पाहुण्याला रमणीय वाटते, ती भोंगा थांबल्याने आलेली आहे, हे गावकऱ्याला सांगावे लागत नाही.

या वास्तू दास्याच्या खुणा आहेत, पडू द्याव्यात, असे म्हणणारे सज्जन भेटतात. त्यांचा रोष अनाठायी नाही. परंतु नकाशा साहेबाचा असला तरी विटा येथल्या मातीच्या आणि घाम येथल्या माणसांचा होता, आणि गठाणी मुंबईच्या वाटेने गेल्यावर मागे उरल्या त्या एवढ्या भिंतीच.

म्हणून नगरपरिषदेने आणि महसूल खात्याने अशा इमारतींची नोंद करावी, कोसळण्याजोग्या असतील त्या सावराव्यात, आणि त्यांवर पाटी ठोकून मोकळे न होता शेतकरी गटांना साठवणीस, मुलांना वाचनालयास त्या द्याव्यात. आमच्या सेलूनेही आपल्या जुन्या वास्तूंकडे याच दृष्टीने पाहिले, तर पुलगावपर्यंत केलेला माझा प्रवास कारणी लागेल. त्या उंबरठ्याला पाहणारे पुष्कळ मिळतील; त्याला हवे आहेत ते रोज ओलांडणारे.