क्रमांक ओळखीचा, आवाज परका
इंटरनेट आणि टेलिफोन यांच्या सीमेवरील ‘गेटवे’ची जबाबदारी कोणाची?

साताऱ्याचा ०२१६२, कराडचा ०२१६४ आणि सांगली-मिरजेचा ०२३३. एसटीडीच्या जमान्यात हे आकडे म्हणजे त्या-त्या गावाची ओळखच होती. क्रमांक पाहिला, की पलीकडचा माणूस कोणत्या गावातून बोलत आहे हे कळत असे. तारेच्या दुसऱ्या टोकाला एक घर, एक एक्स्चेंज आणि ग्राहकाची नोंद असे. आज मोबाइलच्या पडद्यावर उमटणारा दहा आकडी भारतीय क्रमांक अशी कोणतीच हमी देत नाही. परदेशातून येणारे, पण भारतीय क्रमांक दाखवणारे बनावट कॉल रोखण्याची यंत्रणा केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत तिने असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. त्या दिवशी परदेशातून भारतीय क्रमांक दाखवत आलेल्या कॉलपैकी जवळपास ९० टक्के कॉल बनावट होते. एवढी मोठी फसवणूक शक्य होते, ती दूरसंचार व्यवस्थेच्या एका फारशा चर्चेत नसलेल्या टप्प्यावर. इंटरनेटवरून येणारा आवाज जेथे टेलिफोनच्या जाळ्यात शिरतो, तो हा टप्पा होय.

सीमेवरचा दुभाषी

पारंपरिक टेलिफोनमध्ये प्रत्येक संभाषणासाठी सेकंदाला ६४ किलोबिट क्षमतेची एक वाट राखून ठेवलेली असते. इंटरनेटवर अशी राखीव वाट नसते. तेथे आवाजाचे बारीक तुकडे पाडले जातात आणि साधारणपणे दर सेकंदाला पन्नास पाकिटे या हिशेबाने ते रवाना होतात. या दोन जगांना जोडणारे यंत्र म्हणजे ‘मीडिया गेटवे’. ते एका बाजूची पाकिटे उघडून दुसऱ्या बाजूला सलग आवाज पुरवते. कॉल कोणाकडून आला आणि कोणाकडे जायचा, हे संदेश मात्र स्वतंत्रपणे हाताळले जातात. इंटरनेटच्या बाजूने येणाऱ्या संदेशात कॉल करणाऱ्याचा क्रमांक हा केवळ लिहिलेला मजकूर असतो. गेटवेच्या चालकाने तो पडताळला नाही, तर लिहिला असेल तोच क्रमांक ग्राहकाच्या पडद्यावर खरा म्हणून झळकतो.

भारताने हे दार दीर्घकाळ बंद ठेवले होते. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली खरी; मात्र संगणकावरून देशातल्या साध्या टेलिफोनवर कॉल करण्याची मुभा इंटरनेट कंपन्यांना नव्हती. महसूल बुडेल आणि कॉलचा माग लागणार नाही, अशी दुहेरी भीती त्यामागे होती. ‘ट्राय’च्या ऑक्टोबर २०१७ मधील शिफारशींनंतर, जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांसाठी हा मार्ग स्पष्टपणे मोकळा केला. पाठोपाठ बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सेवा आणली. आता तर लँडलाइनची जुनी एक्स्चेंजही टप्प्याटप्प्याने इंटरनेट तंत्रावर गेली आहेत. दोन जगांमधली ये-जा हा अपवाद राहिला नसून तोच नियम झाला आहे.

दरातील तफावत हेच मूळ

अधिकृत दार उघडले, तरी चोरवाट बंद झाली नाही. याचे कारण दरांत आहे. देशांतर्गत कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात पोहोचवण्याचे शुल्क ऑक्टोबर २०१७ मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आले आणि १ जानेवारी २०२१ पासून ते शून्य झाले. परदेशातून येणाऱ्या कॉलसाठी मात्र मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे अशी शुल्कमर्यादा ठरवण्यात आली. परदेशी कॉल ‘देशी’ भासवता आला, तर ही सारी रक्कम मधल्यामध्ये खिशात पडते.

त्यासाठी वापरले जाणारे ‘सिमबॉक्स’ हेही एक प्रकारचे गेटवेच. इंटरनेटवरून आलेला कॉल ते आपल्यातील एखाद्या सिमकार्डावरून स्थानिक कॉल म्हणून पुढे पाठवते. त्याला एक खोली, वीज, ब्रॉडबँड आणि जवळ मोबाइलचा टॉवर एवढेच लागते. महानगर लागत नाही. २०१७ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने अशी अवैध एक्स्चेंज उघडकीस आणली, ती लातूर जिल्ह्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या कोंढव्यातील अशाच कारवाईत साडेतीन हजारांहून अधिक सिमकार्डे हाती लागली. बेंगळुरूत जून २०२१ मध्ये उघड झालेल्या प्रकरणाचा धागा लष्करी गुप्तचरांनी पुरवला होता. लष्करी कार्यालयांकडून माहिती काढण्यासाठी असे कॉल केले जात असल्याचे तेव्हा समोर आले. प्रश्न केवळ बुडालेल्या महसुलाचा नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

सातारा-सांगलीला याची झळ का?

या दोन जिल्ह्यांचे अनेक व्यवहार आणि नातीगोती फोनवरच्या विश्वासावर उभी आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात भरती होण्याची परंपरा आहे. तेथे घरातला माणूस सीमेवर आणि घरचे फोनच्या आधारावर, ही नित्याची गोष्ट. विटा, खानापूर, आटपाडी भागांतील गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर विखुरलेले आहेत. सांगलीच्या हळदीचे आणि तासगावच्या बेदाण्याचे व्यापारी दूरच्या खरेदीदारांशी फोनवर बोलत असतात. अशा ठिकाणी भारतीय क्रमांकावरून आलेला ‘अधिकाऱ्याचा’ किंवा ‘बँकेचा’ आवाज सहज खरा वाटतो. क्रमांकाची विश्वासार्हता ढासळली, की नुकसान फसलेल्या एका कुटुंबापुरते राहत नाही. खऱ्या कॉलकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते.

उपाय झाले, फट उरली

सरकार स्वस्थ बसलेले नाही. नवी यंत्रणा आल्यानंतर दोनेक महिन्यांत बनावट परदेशी कॉलचे रोजचे प्रमाण सुमारे सहा लाखांवर आले. दूरसंचार कायदा, २०२३ मधील शिक्षेच्या तरतुदी जून २०२४ पासून लागू झाल्या. विनापरवाना सेवा देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते. फसवणुकीने सिमकार्ड मिळवणाऱ्यास तितकीच कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते.

तथापि, परदेशी सीमेवरचे गस्तीपथक सिमबॉक्सपुढे हतबल ठरते. कारण तेथून निघणारा कॉल तांत्रिकदृष्ट्या देशातलाच आणि क्रमांकही अस्सल असतो. कॉल करणाऱ्याचे नोंदणीकृत नाव पडद्यावर दाखवावे, अशी शिफारस ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. पण सिमबॉक्समधून कॉल आल्यास त्यातही नाव दिसेल, ते सिमकार्ड ज्याच्या कागदपत्रांवर घेतले त्याचे. बोलणारा पडद्याआडच राहील आणि पोलिस दार ठोठावतील ते त्या कागदपत्रांच्या मालकाचे. ‘संचार साथी’वर आपल्या नावे किती जोडण्या आहेत हे तपासण्याची सोय आहे. ती वापरणे म्हणूनच प्रत्येकाच्या हिताचे आहे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

मात्र सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून चालणार नाही. एकाच टॉवरखालून, एका जागेवरून न हलता, दिवसभर केवळ बाहेर जाणारे कॉल करणारी शेकडो सिमकार्डे मोबाइल कंपन्यांच्या नोंदींत दिसतातच. ती वेळीच टिपण्याचे आणि न टिपल्यास जाब देण्याचे दायित्व कंपन्यांवर निश्चित झाले पाहिजे. देशी आणि परदेशी कॉलच्या शुल्कातील तफावतही ‘ट्राय’ने पुन्हा तपासायला हवी. चोरवाटेचा नफा आटत नाही, तोवर एक खोली बंद झाली की दुसऱ्या गावात दुसरी उघडेल. ती सातारा-सांगलीतही उघडू शकते.