जाहीर आवाहन : खव्यातली भेसळ पाहता, खवा थापणारे हातही पाहा

बीड जिल्ह्यातील सप्ताह समित्या, यात्रा समित्या, खवा भट्टीचालक, मिठाईवाले आणि तमाम माता-भगिनींना नम्र विनंती.

सण तोंडावर आला की भेसळीच्या बातम्या येतात आणि जो तो पेढ्यावर आयोडीनचा थेंब टाकून पाहतो. निळा झाला तर त्यात स्टार्च मिसळलाय, नाही झाला तर माल चोख, अशी आपली समजूत. भेसळ करणाऱ्याला सोडू नयेच. पण निर्भेळ दुधाच्या खव्यानंही अख्खी पंगत आजारी पडू शकते, आणि ते कुठल्याच थेंबातून कळत नाही.

खवा आपल्याला नवा नाही. शेजारच्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि बालाघाटाच्या आपल्या बाजूलाही भट्ट्या पेटतात. म्हशीचं पाचेक लिटर दूध आटलं की किलोभर खवा उतरतो. इतका वेळ आचेवर राहिल्यावर त्यात रोगजंतू जवळपास उरत नाहीत. काहींचे चिवट बीजाणू तेवढे तग धरतात. गडबड होते ती कढई उतरल्यावर. बोटाला कापलेलं, त्यावर चिंधी बांधलेली, त्याच हातानं खवा थापायचा. मग त्याचा मोठा गोळा करून कालच्याच ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि डब्यात दाबायचा. गोळा वरून गार लागतो, पण त्याचं पोट कित्येक तास कोमट असतं. कोमट, ओलसर, दुधाळ खवा म्हणजे जंतूंचं माहेरच.

जखमेत आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू अशा खव्यात वाढतो आणि विष तयार करतो. खवा पुन्हा भाजला तर जंतू मरतो, विष मात्र तसंच राहतं. म्हणून ‘परत एकदा परतून घेऊ’ हा उपाय नव्हे. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

भट्टीचालकांनो, खवा स्वच्छ परातीत पातळ पसरा, पुरता निवू द्या, मगच भरा. हाताला जखम असलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरं काम द्या. फडकी रोज उकळा. दगडी (कासदाह) झालेल्या जनावराचं दूध कढईत नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. फ्रीज आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बुरशी आलेला खवा वरवर खरवडून बर्फीत ढकलणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे : तो टाकून द्या.

गिऱ्हाइकांनो, सुट्या मिठाईच्या ताटावर ती कधीपर्यंत खावी ही तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक करण्यात आलं होतं. पाटी नसेल तर विचारा. दुकानदार ओळखीचा असला तर जरा मोठ्यानं विचारा.

सप्ताह समित्यांकडे वेगळं मागणं आहे. काल्याचं दही सकाळी कालवायचं, कीर्तन लांबतं आणि प्रसाद वाटेपर्यंत दुपार टळते. दह्याच्या आंबटपणापुढे पुष्कळ जंतूंचं काही चालत नाही हे खरं. पण काल्यात लाह्या, पोहे आणि अनेकांचे हात मिसळतात. काला वाटपाच्या आधी कालवा, साबणानं हात धुऊन. ताकाचंही तेच. ताक बिचारं चांगलं असतं, त्यात ओतलेलं टँकरचं पाणी शुद्ध केलेलं नसतं, आणि बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून मंडपातल्या मातीवर ठेवलेली असते. पाणी उकळून गार केलेलं किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेलं वापरा. खाण्याच्या बर्फाची खात्री नसेल तर ताक बिनबर्फाचं वाटा. कोणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर ठेवू द्या.

घरी धारोष्ण दूध पिऊ नका. डेंगीच्या तापात शेळीचं कच्चं दूध देण्याचं खूळ तर थांबवाच. त्यानं डेंगी बरा होत नाही. उलट ब्रुसेला जंतूचा रोग जडू शकतो. ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी महिनोन् महिने पाठ सोडत नाही. जनावर वारंवार गाभडत असेल तर पशुवैद्यकाला दाखवा, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना ब्रुसेलाची लस टोचून घ्या. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे.

एवढं करूनही पंगतीनंतर दोघा-चौघांना उलट्या-जुलाब झाले, तर गावाची बदनामी होईल म्हणून गोष्ट झाकू नका. रुग्णाला ओआरएस पाजत राहा, 108 ला फोन करा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. उरलेला प्रसाद घाबरून उकिरड्यावर फेकू नका. थोडा स्वच्छ डब्यात झाकून गार जागी ठेवा, कोणाला खाऊ देऊ नका, आणि अन्न व औषध प्रशासनाला 1800222365 या मोफत क्रमांकावर कळवा. नमुना हाती असेल तरच नेमकं काय बिघडलं ते शोधता येतं.

— जिल्ह्यातील एक निवृत्त पशुवैद्यक