वारा पडला की जागे राहा



काश्मीर-हिमाचलात बर्फाचं वादळ झाल्याची बातमी आली, की आपण म्हणतो, ते आपल्यापासून लांब आहे. लांब खरं, पण त्याचं शेपूट आपल्या शिवारापर्यंत येतं. तो झंझावात तिकडे बर्फ टाकून पुढं सरकला, की मागून उत्तरेचा कोरडा, बोचरा वारा सुटतो आणि खानदेश, नाशिक गाठतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा दोन अंशांखाली उतरला होता.

वारा वाहतो त्या रात्री गारठा अंगाला झोंबतो, म्हणून आपण तेव्हाच बागेत शेकोट्या पेटवतो. धूर जातो शेजाऱ्याच्या रानात! त्या रात्री कामाला येतो तो आडोसा. केळीच्या उत्तर बाजूला शेवरी किंवा गजराज गवत आधीच लावलेलं हवं. नसेल तर निदान जुन्या साड्या बांधा.

खरा घात होतो तो वारा पडल्यावर. आभाळ निरभ्र, पानसुद्धा हलत नाही, अशा रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते. गार हवा जड, ती खोलगट वावरात साचते. पहाटे चारपासून सूर्य उगवेपर्यंतची वेळ सर्वांत वाईट. पाणी उतरलेल्या द्राक्षमण्यांना तडे जातात, केळीचं नवं पान अडतं, निसवणारा घड पोग्यातच अडकतो.

अशा रात्री ओला पालापाचोळा पेटवलात तर थोडी मदत होते, पण माझा भर पाण्यावर आहे. विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. हलकं पाणी द्या, वाफे तुंबवू नका. वीज रात्रीची मिळाली की आपण कुरकुरतो, या एका कामाला ती वेळ बरी!

गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट लावा, वासरांखाली कोरडं काड पसरा. आणि माय-बहिणींनो, हे तुम्हीच बघा. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून कुणालाही झोपू देऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेकून झालं की शेगडी बाहेर ठेवा, मग अंथरूण टाका.

गव्हाची तेवढी चिंता नको. त्याला हे दिवस मानवतात.