शेवटची पंगत

श्रावणाचे उपासतापास आटोपून भाद्रपदाची चाहूल लागते, बाजारात दूर्वांच्या जुड्या आणि केवड्याची कणसे दिसू लागतात, आणि त्याच सुमारास, 1 ते 7 सप्टेंबर या दिवसांत, सरकारी दिनदर्शिकेतला राष्ट्रीय पोषण सप्ताह येतो. 1982 पासून तो पाळला जातो. 2018 पासून तर त्याच्या जोडीला पोषण महिनाही आला आहे. ज्या दिवसांत आपल्या घरी मोदकपात्र माळ्यावरून खाली उतरते आणि कढईला उसंत मिळत नाही, त्याच दिवसांत पोषणाचा विचार करायला सांगणाऱ्याला विनोदबुद्धी असावी, असे एखाद्याला वाटेल. पण योगायोग बरा आहे. खाण्याचा विचार भरल्या ताटासमोर बसून केला तरच तो प्रामाणिक राहतो.

या भरल्या ताटासमोर आता फोनही येऊन बसला आहे. आधी तो मित्रमंडळींना दाखवण्यासाठी फोटो काढत असे. आता तो हिशेब मांडतो. ताटाचा फोटो काढायचा, की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ॲप पदार्थ ओळखते, वाटीच्या आकारावरून प्रमाणाचा अंदाज बांधते, तक्त्यातले आकडे जुळवते आणि कॅलरी किती, प्रथिने किती, हे क्षणात सांगून मोकळे होते. ज्या घरांत काही वर्षांपूर्वी दीक्षितांची आहारपद्धती बरी की दिवेकरांची, यावरून सासू-सून आणि बाप-लेक यांच्यात वाद झडले, तिथे आता हा तिसरा पक्ष आला आहे. तो वाद घालत नाही, हा त्याचा मोठाच गुण. शिवाय आपण काल काय खाल्ले ते आपल्याला धड आठवत नाही, आणि आठवले तरी फरसाणाची मूठ सोयीस्करपणे विसरली जाते. मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या माणसाला आपल्या ताटात भाताचा डोंगर केवढा आणि उसळ केवढी, हे एकदा आकड्यांत दिसले, तर त्याचा उपयोगच आहे. या ॲपना नाके मुरडण्याचे कारण नाही.

तरीही ऋषिपंचमीची भाजी त्यांच्यापुढे ठेवून पाहावी. अळू, माठाचे देठ, लाल भोपळा, दोडका, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळे एकत्र शिजून एकमेकांत विरघळलेले. आपल्याला घासागणिक भाजी ओळखता येते. कॅमेऱ्याला एक हिरवट लगदा दिसतो. यंत्राने जे पाहिलेले असते तेच ते ओळखते. झुरिकच्या संशोधकांनी 2014 मध्ये 101 पदार्थांची, प्रत्येकी हजार फोटोंची एक मोठी चित्रपेढी तयार केली आणि पुढे अनेकांनी आपली यंत्रे तिच्यावर घोटवून घेतली. तिच्यात समोसा आहे, जपानी गिओझा आहे, मोदक नाही. केवळ तिच्यावर शिकलेल्या यंत्राने उकडीच्या मोदकाला जवळचा कुणी परदेशी नातेवाईक समजावे, यात नवल नाही. ही उणीव भरून निघेल, काही ठिकाणी निघतेही आहे.

न भरून निघणारी उणीव वेगळी आहे. मोदक फोडून त्यावर सोडलेले तूप दोन मिनिटांत आत मुरते आणि फोटोतून नाहीसे होते. एका चमच्यात पाच ग्रॅम, ग्रॅममागे नऊ कॅलरी. वाढणारा हात सैल असेल तर हिशेब तिथेच कोलमडतो. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, चटणी, कोशिंबीर यांच्या जोडीला लिंबाची फोड असते. पालेभाजीतले लोह अंगी लागायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. फोटोत फोड येते. ती पिळली की ताटाबरोबर तशीच मोरीत गेली, हे येत नाही.

अशा गोष्टी मोजण्यासाठी एके काळी माणसे घरी येत. 1972 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभागाचे कर्मचारी महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या खेड्यांत तराजू घेऊन जात, चुलीवर चढण्याआधीचे धान्य, डाळ, तेल तोलत, आणि मग घरातल्या कोणी किती खाल्ले हे मापाच्या वाट्या पुढे मांडून विचारत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या देखरेखीखाली हे काम चाले. याच संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांतल्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. आपल्या पदार्थांचा हिशेब नीट करायचा तर फोनमधल्या ॲपलाही अशाच तक्त्यांचा आधार घ्यावा लागतो. तो तराजूवाला विभाग मात्र 2015 मध्ये बंद झाला. त्याच्या प्रश्नांतला एक प्रश्न कोणतेही ॲप आपणहून विचारत नाही: घरातल्या कोणी किती खाल्ले?

गौरीजेवणाचा दिवस आठवावा. सोळा भाज्या, पुरणपोळी, कथली, पडवळाची कढी. नैवेद्य दाखवला जातो, मग मुलांची आणि पुरुषांची पंगत बसते, आग्रह होतो, फोटो निघतात. ज्यांनी पहाटेपासून हे रांधले त्या दुपारी तीनला बसतात. तेव्हा कढीत पडवळ उरलेले नसते आणि पुरणपोळ्यांपैकी फाटलेल्या दोन असतात. हा सणाचा दिवस झाला. एरवी तर पंगतही नसते. ओट्याशी उभ्याने, कालची पोळी आणि पातेल्याच्या तळाशी उरलेली आमटी. त्या जेवणाला ताटच नसते, तर फोटो कशाचा काढणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. मधल्या काळात घरोघरी स्मार्टफोन आले, हॉटेले वाढली, मोदकांत चॉकलेट शिरले. हा आकडा मात्र वर चढला.

शासनाला हे कधीतरी उमगले होते, असे म्हणायला जागा आहे. 2015 मध्ये आदिवासी भागांत सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते, आणि ते अंगणवाडीत बसून जेवायचे असते. त्यामागे साधा अनुभव आहे: घरी नेलेला डबा सगळ्यांत वाटला जातो आणि जिच्यासाठी आणला तिच्या वाट्याला शेवटी येतो. योजनेचे पैसे वेळेवर पोचतात का, अंडी रोज मिळतात का, हे प्रश्न आहेतच. पण ‘तू इथे बस आणि आधी जेव’ असे एखाद्या बाईला सांगणारी सरकारी योजना दुर्मीळच.

त्याच अंगणवाडीत कॅमेराही आहे. पोषण ट्रॅकर नावाचे ॲप 2021 मध्ये आले. त्याच वर्षी ऑगस्टात राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले, कारण ते तापत, अडकत, आणि माहिती इंग्रजीत भरावी लागे. 2025 च्या जुलैपासून घरपोच आहार देण्यापूर्वी लाभार्थीचा चेहरा या ॲपवर पडताळून घ्यावा लागतो. शहरात कॅमेरा ताटाकडे वळलेला, खेड्यात चेहऱ्याकडे. एक खाणाऱ्याच्या काळजीपोटी, दुसरा खाणारीवरच्या संशयापोटी. गळती रोखायला हवी हे खरे, पण पाड्यावर नेटवर्कअभावी पडताळणी अडली तर आहाराचे पाकीट हातात पडत नाही. आणि पडले, तर ते कोणाच्या पोटात गेले, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

यंदाच्या सप्ताहात ज्यांच्या फोनमध्ये ही ॲप आहेत त्यांनी सात दिवस आपल्या ताटाला विश्रांती द्यावी आणि घरात शेवटी जेवणाऱ्या बाईचे खाते उघडावे. ती सकाळचा चहा किती वाजता घेते, त्यानंतरचा पहिला घास किती वाजता, त्यात डाळ किती, भाजी किती, हे जसेच्या तसे नोंदवावे. मधल्या रिकाम्या वेळाही नोंदवाव्यात. गौरीजेवणाला पहिली पंगत रांधणाऱ्यांची बसवावी. वाढायला दोन हात मुलांनाही आहेत आणि त्यांच्या बापालाही. लोहाचे आकडे फोनला जमणार नाहीत, त्यासाठी हिमोग्लोबिनची तपासणी हवी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. तिच्यासाठी लागते थोडे रक्त, आणि त्या बाईला सकाळच्या कामातून सुटलेला अर्धा तास.