अविस्मरणीय प्रसंग, दहा गुणांसाठी

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग' हा विषय कित्येक वर्षे ठाण मांडून बसला आहे. त्याची उत्तरेही ठरलेली: बुडणारा मुलगा, रस्त्यावरचा अपघात, बक्षीस समारंभ आणि शेवटी 'तो दिवस मी कधीच विसरणार नाही'. हे गाईडमधून आले आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, तपासणाऱ्यालाही. तरी गुण पडतात. स्वतःबद्दल लिहिणे म्हणजे दुसऱ्याचा अनुभव शुद्धलेखन सांभाळून उतरवणे, अशी आत्मपर लेखनाची पहिली ओळख आपण करून देतो.

कोल्हापुरात हे अधिक खटकते. ना. सी. फडके येथील राजाराम महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवत होते. त्यांच्या 'गुजगोष्टीं'नी मराठी लघुनिबंधाला शेजारी बसून बोलण्याचा सूर दिला. ते ऋण मोठे आहे. पण त्या प्रसन्न निबंधात आयुष्यातल्या घावांना फारशी जागा नव्हती. ती जागा याच जिल्ह्यातील कागलच्या आनंद यादवांनी 'झोंबी'त (१९८७) करून दिली. शिकायला मिळावे म्हणून बापाशी करावा लागलेला झगडा तिथे शेणामातीसकट येतो. त्यातून 'शिक्षणाचे महत्त्व' असा निबंध कोणीही काढील. यादवांनी तो काढला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. त्या वेळी शाळेत असलेली मुले पुढे आमच्या वर्गांत आली. नदीकाठच्या गावातील एका विद्यार्थिनीने पुरावर निबंध लिहिला, तो 'निसर्गाचे रौद्र रूप' या शब्दांनी सुरू होऊन मानवाच्या हतबलतेवर संपला. स्वतःचे घर बुडालेल्या मुलीच्या निबंधात ते घरच नव्हते! त्या दिवशी घरात काय झाले, असे विचारल्यावर ती बोलू लागली. पाणी गोठ्यात शिरले तेव्हा वडिलांनी विळ्याने दावी कापली. गाठी सोडायला वेळ नव्हता. दोन जनावरे परत आली, एक म्हैस आली नाही. तिचा खुंट्याला उरलेला वीतभर दोर वडिलांनी अजून काढलेला नाही. 'हेच लिही,' म्हटल्यावर तिचा प्रश्न आला, 'पण सर, यात प्रसंग कुठंय?'

तिने ते दीड पानात लिहिले. लिहिताना आणखी एकदा अडली: वडिलांच्या कर्जाचे लिहावे का? तिने घरी विचारावे, असे मी सुचवले. वडील नको म्हणाले आणि तिने तो भाग गाळला. मला हे गाळणेही लेखनाचाच भाग वाटते. आपल्या आयुष्यातील प्रसंग एकट्या आपल्या मालकीचा क्वचितच असतो. त्यात आई असते, भाऊ असतो, सावकार असतो. परीक्षेच्या अर्ध्या तासात कोणाला विचारणार? त्यापेक्षा गाईडमधला बुडणारा मुलगा बरा, कारण त्याला नातेवाईक नसतात.

एका सहकाऱ्यांनी ते दीड पान वाचून 'बोध नाही' असा शेरा दिला. शेरा खरा आहे. म्हणूनच हा विषय तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेतून काढून अंतर्गत मूल्यमापनात न्यावा, आठ दिवस द्यावेत, आणि समारोपासाठी राखलेले गुण रद्द करावेत, असे माझे मत आहे. अभ्यासमंडळाच्या बैठकीत ते मांडणार आहे.